गच्चीवरून मृगातला तेजोमेघ: पहिला रंगीत फोटो काढणाऱ्यांसाठी

मृग म्हटलं की आपल्याला पाऊस आठवतो. पण जूनच्या ७-८ तारखेला ‘मृग लागला’ म्हणतात तेव्हा सूर्य त्या नक्षत्रात शिरलेला असतो. ते तारे दिवसा डोक्यावर असतात आणि रात्री दिसत नाहीत. रात्रभर दिसणारा मृग हिवाळ्यातला, आणि दुर्बिणीतून पहिला रंगीत फोटो काढायचा तर त्याच्यातल्याच तेजोमेघाचा (उजळलेल्या वायू-धुळीच्या ढगाचा) काढा, असं मी प्रत्येकाला सांगते. मेसिए या खगोलशास्त्रज्ञाच्या यादीतलं त्याचं नाव एम ४२. तो सुमारे १,३०० प्रकाशवर्षं दूर आहे, आकाशात पूर्ण चंद्राच्या दुपटीहून जास्त जागा व्यापतो आणि इतका तेजस्वी आहे की पुण्यासारख्या शहराच्या गच्चीवरूनही हाती लागतो.

एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे निराशा होणार नाही. दुर्बिणीला डोळा लावून तो रंगीत दिसत नाही. अंधुक उजेडात आपल्या डोळ्यातल्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाहीत, त्यामुळे राखाडी, फार तर किंचित हिरवट धुकं दिसतं. कॅमेरा मात्र प्रकाश साठवत राहतो. लाल-गुलाबी दिसतो तो तापलेला हायड्रोजन (६५६ नॅनोमीटरची रेषा), मधला हिरवट-निळा ऑक्सिजन (५०१ नॅनोमीटर) आणि कडेचा निळा म्हणजे धुळीवरून परतलेला ताऱ्यांचा उजेड. हे रंग खरे आहेत, आपले डोळे तिथे कमी पडतात एवढंच.

मनासारखा फोटो मिळायला मला तीन हिवाळे लागले. त्यातले पहिले दोन ज्या गोष्टींत गेले, त्या तुमच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे.

१. आधी कॅलेंडर बघा

मृग संध्याकाळी पूर्वेला येतो डिसेंबरात. जानेवारीच्या मध्यावर पुण्यातून एम ४२ रात्री साडेदहाच्या सुमारास सर्वांत उंच असतो, क्षितिजापासून जवळजवळ ६६ अंशांवर. रोज तो ४ मिनिटं लवकर येतो, म्हणून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात हीच वेळ सव्वानऊवर येते. नोकरी करणाऱ्याला हे फेब्रुवारीचे दिवस सोयीचे.

चंद्र नसलेल्या रात्री हव्यात. कार्तिक, मार्गशीर्ष आणि पौष अमावास्येच्या आगेमागे चार-पाच दिवस मोकळे ठेवा. महाशिवरात्रीचा आठवडा हा हंगामातला शेवटचा चांगला आठवडा. मार्गशीर्ष पौर्णिमा मात्र पूर्ण विसरा. महिन्याला ते नाव मिळालं तेच त्या पौर्णिमेला चंद्र मृगशीर्षापाशी असतो म्हणून, आणि त्या उजेडात तेजोमेघाच्या कडा धुऊन निघतात.

२. सामान

सगळं एकदम विकत घेऊ नका. पण एका रात्रीला लागतं ते हे:

- ६० ते ८० मि.मी. व्यासाची भिंगाची दुर्बीण, नाभीय अंतर साधारण ३५० ते ४८० मि.मी.
- मोटर असलेला इक्वेटोरियल माउंट, म्हणजे दुर्बीण ताऱ्यांमागोमाग फिरवणारा आधार, आणि भक्कम तिवई
- डीएसएलआर किंवा मिररलेस कॅमेरा (जुना चालेल)
- कॅमेरा दुर्बिणीला जोडणारी टी-रिंग आणि तिचा अडॅप्टर
- इंटरव्हॅलोमीटर, म्हणजे शटर ठरावीक वेळाने आपोआप दाबणारा रिमोट
- बाहतिनोव्ह मास्क, म्हणजे फोकस जुळवायची फटी कापलेली चकती
- जास्तीची बॅटरी, रिकामं मेमरी कार्ड, माउंटसाठी १२ व्होल्टचा पुरवठा
- दव टाळायला यूएसबीवर चालणारा हीटरचा पट्टा
- लाल जिलेटिन कागद लावलेली टॉर्च
- धुतलेला पांढरा सुती कपडा (कशाला, ते पुढे येईल)
- गच्ची वापरायची सोसायटीची लेखी परवानगी

पैसे मोजून असतील तर सगळ्यात जास्त पैसा माउंटवर घाला. नवखा माणूस नेमका उलटं करतो, मोठी दुर्बीण घेतो आणि लटपटणाऱ्या माउंटवर ठेवतो. पृथ्वी फिरते त्यामुळे तारे दर सेकंदाला १५ विकला सरकतात (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग). ४०० मि.मी.च्या दुर्बिणीतून साध्या तिवईवर एका सेकंदातही ताऱ्याची रेघ होते. ही हालचाल गिळतो तो माउंट. त्याच्यावर ५ किलो क्षमता लिहिली असेल तर फोटोसाठी कॅमेऱ्यासकट ३ किलोच्या आत राहा.

दुसरा सापळा आरशाच्या दुर्बिणीचा. ११४ किंवा १३० मि.मी.ची स्वस्त न्यूटोनियन दुर्बीण बघायला छान असते, पण तिच्यातल्या पुष्कळ मॉडेलांवर डीएसएलआरला फोकसच मिळत नाही. फोकसर जेवढा आत जायला हवा तेवढा जात नाही. माझी पहिली दुर्बीण अशीच होती. ‘फोटो येतील ना?’ असं विचारून घेतली होती, विक्रेत्याने हो म्हणून सांगितलं होतं. तुम्ही पैसे देण्याआधी स्वतःचा कॅमेरा घेऊन जा, तो दुर्बिणीला लावा आणि लांबच्या एखाद्या मोबाईल टॉवरवर फोकस करून बघा.

आडव्या-उभ्या अक्षांवर फिरणारा गो-टू माउंट घरात असेल तर तोही चालेल, पण चित्र हळूहळू गोल फिरतं. एक्स्पोजर १०-१५ सेकंदांच्या पुढे नेऊ नका. आणि दुर्बीणच नसेल तर छोटा ट्रॅकर (नुसता कॅमेरा ताऱ्यांमागे फिरवणारा लहान माउंट) आणि १३५ ते २०० मि.मी.ची लेन्स एवढ्यावरही एम ४२ सुंदर येतो.

३. गच्ची तपासा, दिवसा

शहरातल्या गच्चीचा पहिला प्रश्न उत्तरेचा. माउंट जुळवायला ध्रुवतारा दिसावा लागतो, आणि आपल्याकडे तो फार खाली असतो: गावाचा अक्षांश तेवढीच ध्रुवाची उंची. पुण्यात साडेअठरा अंश, मुंबईत १९, नागपुरात २१, पणजीत साडेपंधरा. तुमच्या गच्चीपेक्षा ३० मीटर उंच इमारत उत्तरेला ९० मीटरच्या आत असेल तर पुण्यातून ध्रुव झाकला गेलाच समजा. दिवसा गच्चीवर उभं राहून हे ताडून पाहा आणि जिथून उत्तर मोकळी दिसते तिथे तिवईच्या तीन पायांच्या खुणा खडूने करा.

दुसरा प्रश्न हादऱ्यांचा. आमच्या इमारतीत लिफ्टची मशिनरूम गच्चीवरच आहे. सुरुवातीला तिच्या आडोशाला वारा लागत नाही म्हणून मी तिथे बसत असे, आणि दर थोड्या वेळाने एका फोटोत सगळे तारे दुहेरी येत. कारण कळायला दोन रात्री गेल्या. लिफ्ट सुटली की स्लॅब थरथरतो. तिवई खोलीच्या मध्यावरच्या स्लॅबवर ठेवू नका, खाली जिथे खांब किंवा तुळई असेल तिथे ठेवा आणि पाय फार उंच करू नका. एक्स्पोजर चालू असताना आसपास चालूही नका.

परवानगीचं कागदावर घ्या म्हणते ते अनुभवावरून. रात्री एकला गच्चीवर लाल दिवा आणि नळकांडं घेऊन बसलेली व्यक्ती पाहून शेजारचे घाबरतात, आणि त्यांचं घाबरणं बरोबर आहे. शेजाऱ्यांना आधी एकदा बोलावून दुर्बिणीतून चंद्र दाखवा. त्यानंतर आमच्याकडे तर समोरच्या विंगचा हॅलोजन बंद करायला लोक स्वतःहून येतात.

४. माउंट ध्रुवाशी जुळवा

माउंटचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर झाला पाहिजे. आधी तिवई पातळीत आणा, उंचीच्या पट्टीवर आपला अक्षांश लावा, अक्ष उत्तरेकडे करा. मोबाईलच्या होकायंत्रावर पूर्ण विसंबू नका, गच्चीतलं लोखंड त्याला फसवतं. मग ध्रुवदर्शक दुर्बिणीतून ध्रुव शोधा. ध्रुवतारा नेमका उत्तर ध्रुवावर नाही, त्यापासून पाऊण अंशाच्या आत आहे. तो वर्तुळावर कुठे असायला हवा हे मोबाईलवरची ॲप्स तुमच्या जागेसाठी आणि वेळेसाठी दाखवतात. त्याच जागी तो आणायचा.

परदेशातल्या व्हिडिओंत न सांगितलेली एक अडचण इथे येते. ते लोक ४०-५० अक्षांशांवर असतात. आपल्याकडे माउंट इतका खाली वाकतो की काउंटरवेटचा, म्हणजे दुर्बिणीचा तोल सांभाळणाऱ्या वजनाचा, दांडा किंवा वजन तिवईच्या पायाला आपटतं. त्यासाठी दांडा दोन पायांच्या मधून जाईल अशी तिवई फिरवून बघा, तरी अडत असेल तर वजन दांड्यावर वर सरकवा किंवा माउंट आणि तिवईमध्ये जोडायचा छोटा खांब मिळतो तो लावा. अंधारात हे कळलं तर मोटर घासते, म्हणून दिवसाउजेडी दुर्बीण सगळ्या दिशांना हाताने फिरवून घ्या.

ध्रुव दिसतच नसेल तरी हात टेकू नका. लॅपटॉपवरच्या ‘निना’ या मोफत सॉफ्टवेअरला एक जोड मिळते, ती आकाशाच्या कुठल्याही मोकळ्या भागातले तीन फोटो घेऊन जुळवणी करून देते. मात्र त्यासाठी कॅमेरा लॅपटॉपला जोडावा लागतो.

५. फोकस: इथे घाई केली तर रात्र गेली

या सगळ्या लेखातला एकच भाग नीट वाचायचा असेल तर हा वाचा.

व्याध हा आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा मृगाच्या शेजारीच आहे. दुर्बीण त्याच्यावर न्या. कॅमेऱ्याच्या पडद्यावर लाइव्ह व्ह्यू चालू करून दहापट मोठं करा. बाहतिनोव्ह मास्क, म्हणजे तिरप्या फटी कापलेली ती चकती, दुर्बिणीच्या तोंडावर बसवा. ताऱ्यातून प्रकाशाच्या तीन रेघा निघतील: दोन एकमेकींना फुलीसारख्या छेदणाऱ्या आणि तिसरी मधली. फोकसरची चक्री अगदी केसभर फिरवा. मधली रेघ एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकताना दिसेल. ती फुलीच्या नेमकी मध्यावर आली की थांबा, फोकसरचा लॉक-स्क्रू आवळा, आणि पुन्हा बघा, कारण स्क्रू आवळताना ती थोडी हलते. मग मास्क काढा. मास्क तसाच ठेवून फोटो घेत बसणं हा सगळ्यांच्या हातून एकदा होणारा घोटाळा आहे.

एवढ्याने संपलं नाही. संध्याकाळी आठला २२ अंश असलेलं तापमान पहाटेपर्यंत १२ वर येतं, धातूची नळी आकसते आणि फोकस सरकतो. माझ्या दुसऱ्या हिवाळ्यात डिसेंबरातल्या सर्वांत स्वच्छ रात्री घेतलेल्या १६० फोटोंतले शेवटचे ११० याच कारणाने गेले. कॅमेऱ्याच्या पडद्यावर ते ठीक वाटत होते. सकाळी संगणकावर उघडले तेव्हा प्रत्येक तारा साबुदाण्याच्या दाण्याएवढा फुगलेला. तेव्हापासून दर पाऊण तासाने मी मास्क लावून फोकस तपासते. दुर्बीण बाहेर काढल्यावर पहिला अर्धा-पाऊण तास ती नुसती थंड होऊ द्या.

६. तेजोमेघ चौकटीत आणा

मृगाचे चार पाय आणि पोटात घुसलेला तीन ताऱ्यांचा बाण सगळ्यांना माहीत असतो. संध्याकाळी उगवताना बाणाचे तीन तारे एकावर एक उभे दिसतात, तेव्हा तेजोमेघ त्यांच्या उजवीकडे असतो. नक्षत्र माथ्याकडे चढलं की तो बाणाच्या खाली येतो. तिथे अंधुक ताऱ्यांची एक छोटी उभी ओळ आहे, तिच्या मधोमध धुरकट दिसतो तो एम ४२.

तो मध्यावर आणून आयएसओ ६४०० आणि १० सेकंदांचा एक चाचणी फोटो काढा. पडद्यावर गुलाबी पंख पसरलेला पक्षी दिसेल. तो क्षण मी अजून विसरले नाही. आईला झोपेतून उठवून गच्चीवर आणलं होतं आणि ती स्वेटर न घालताच आली होती.

७. आता फोटो

कॅमेरा एम मोडवर, शटर बल्बवर किंवा इंटरव्हॅलोमीटरवर, फाइल फक्त रॉ, व्हाइट बॅलन्स सूर्यप्रकाशाचा, आयएसओ ८०० किंवा १६००. लेन्स वापरत असाल तर तिचं ऑटोफोकस आणि स्थिरीकरण बंद. मेन्यूत ‘लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन’ असतं ते आठवणीने बंद करा, नाहीतर ३० सेकंदांच्या प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा आणखी ३० सेकंद गप्प बसतो आणि अर्धी रात्र वाया जाते.

शहरातून एक्स्पोजर ३० सेकंद ठेवा. आकाश काळं असेल तर ६० ते १२० सेकंद जमतं. हिस्टोग्रामचा (फोटोतल्या उजेडाच्या आलेखाचा) डोंगर डावीकडून साधारण एक चतुर्थांश ते एक तृतीयांश अंतरावर आला की पुरे. तारे लांबट येऊ लागले तर वेळ कमी करा, वाईट जुळवणी जास्त वेळ रेटून सुधारत नाही.

पण एम ४२ची खरी गंमत मध्यावर आहे. तिथे ट्रॅपिझियम नावाचे चार तरुण तारे आहेत, सगळा मेघ उजळतो तो मुख्यतः त्यांच्यातल्या सर्वांत तेजस्वी ताऱ्यामुळे. ३० सेकंदांत तो भाग पांढरा फटक होतो आणि नंतर कुठलंही सॉफ्टवेअर तो परत आणू शकत नाही. म्हणून तीन संच घ्या: २ सेकंदांचे २०, १० सेकंदांचे ३०, आणि ३० सेकंदांचे १०० किंवा जास्त. दर दहा फोटोंनंतर दुर्बीण अगदी किंचित हलवा, म्हणजे सेन्सरवरचे डाग एकाच जागी साठत नाहीत.

१०० फोटो ३० सेकंदांचे म्हणजे ५० मिनिटं. हेन्री ड्रेपर या अमेरिकन डॉक्टरने ३० सप्टेंबर १८८० रोजी न्यूयॉर्कजवळच्या आपल्या खासगी वेधशाळेतून तेजोमेघाचा जगातला पहिला फोटो काढला, तो याच तेजोमेघाचा होता. ११ इंची दुर्बीण, एक्स्पोजर ५१ मिनिटं. त्याला ती सलग एकाच काचेवर घ्यावी लागली. आपण तेवढाच वेळ तुकड्यातुकड्यांनी जमवतो.

मध्येमध्ये दुर्बिणीच्या भिंगावर तिरपी लाल टॉर्च मारून दव बघा. दव दिसलं तर कपड्याने पुसू नका, लेपावर चरे पडतात. हीटर लावा किंवा हेअर ड्रायर कमी आचेवर लांबून फिरवा. आणि मृग माथा ओलांडून पश्चिमेला झुकू लागला की दुर्बीण तिवईच्या पायाला टेकायच्या आत माउंट दुसऱ्या बाजूला उलटवून घ्या.

८. झोपायच्या आधी: डार्क, फ्लॅट, बायस

हे फोटो मेघाचे नसतात, कॅमेऱ्याचे आणि दुर्बिणीचे दोष नंतर काढून टाकायला लागतात. कंटाळा येतो, तरी सोडू नका.

डार्क: दुर्बिणीचं झाकण लावून, तेवढ्याच सेकंदांचे, त्याच आयएसओचे २० फोटो. कॅमेरा तेवढाच थंड हवा, म्हणून गच्चीवरच घ्यायचे, घरात येऊन नाही. १० सेकंदांच्या संचासाठी त्याचे वेगळे.

फ्लॅट: तो पांढरा कपडा सुरकुत्या न ठेवता दुर्बिणीच्या तोंडावर ताणून बांधा आणि पहाटेच्या उजळत्या आकाशाकडे रोखून ३० फोटो घ्या. हिस्टोग्राम मध्यावर ठेवा. कॅमेरा काढायचा नाही, फिरवायचा नाही, फोकस हलवायचा नाही. सेन्सरवरच्या धुळीच्या सावल्या आणि कडेचा काळसरपणा याने निघतो. शहराच्या उजेडात फ्लॅट नसतील तर पुढचं काम जवळजवळ अशक्य होतं.

बायस: झाकण लावून सर्वांत कमी वेळेचे ५० फोटो, एका मिनिटात होतात.

९. संगणकावर

‘सिरिल’ हे मोफत सॉफ्टवेअर विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. चारही प्रकारचे फोटो (मेघाचे, डार्क, फ्लॅट आणि बायस) आपापल्या फोल्डरात घाला, तयार स्क्रिप्ट चालवा. ते फोटो जुळवून एकावर एक रचतं. रचल्याने खरखर कमी होते: १०० फोटोंची खरखर एका फोटोच्या दहाव्या भागावर येते. विमानांच्या आणि उपग्रहांच्या रेघाही याच टप्प्यावर गळून पडतात.

रचून झालेलं चित्र काळंकुट्ट दिसेल. काही बिघडलेलं नाही. माहिती आत आहे, पडद्यावर ताणून दाखवलेली नाही. खालचा ‘ऑटोस्ट्रेच’ पर्याय निवडा, मेघ समोर येईल. मग याच क्रमाने जा: कडा कापा, पार्श्वभूमीचा उजेड काढा, ताऱ्यांवरून रंग जुळवा, हिरवा नॉइज काढा, आणि शेवटी चित्र खरोखर ताणा. क्रम उलटा केला तर शहराचा पिवळा उजेड तेजोमेघाच्या रंगात मिसळतो आणि पुन्हा वेगळा होत नाही. पार्श्वभूमी काढताना नमुन्याचे ठिपके मेघावर पडू देऊ नका, नाहीतर सॉफ्टवेअर मेघालाच उजेड समजून खोडतं.

२ आणि १० सेकंदांचे संचही असेच तयार करून ‘गिंप’मध्ये थर म्हणून एकावर एक ठेवा आणि मऊ मास्कने फक्त मधला भाग त्यांच्यातून घ्या. चार तारे वेगळे दिसू लागले की झालं.

रंग वाढवताना हात आवरा. पार्श्वभूमी पूर्ण काळी करू नका, गडद राखाडी ठेवा. मेघाच्या बाहेरची तपकिरी धूळ तिथेच असते.

१०. लाल रंग कमी आला तर

साध्या डीएसएलआरच्या सेन्सरपुढची गाळणी हायड्रोजनचा बराचसा लाल प्रकाश अडवते. एम ४२ तेजस्वी असल्याने निभावतं, पण बाणाच्या टोकाच्या ताऱ्याजवळचा अश्वमुख तेजोमेघ मात्र फिका येतो. ती गाळणी काढून देणारे लोक आहेत, पण पहिल्या हिवाळ्यात हे करू नका. दुपट्टी फिल्टर (फक्त हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या रेषांचा प्रकाश आत सोडणारा) शहरात लाल आणि हिरवट-निळा चांगला वेचतो, पण धुळीचा निळा रंग त्यात जातो, म्हणून एम ४२साठी मी तो लावत नाही. त्या पैशांत दोन वेळा गावाबाहेर जाणं मला जास्त पटतं. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून काम करते, अशा हौशी मंडळांबरोबर गेलात तर सोबतही मिळते आणि माउंट जुळवताना शेजारी विचारायला कोणी असतं. विदर्भातल्यांना पेंच जवळ आहे, २०२४ मध्ये ते भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क ठरलं.

मूळ रॉ फाइली कधीही पुसू नका. पुढच्या हिवाळ्यात घेतलेले फोटो त्यांच्यात मिसळून रचता येतात, माझ्या भिंतीवरचं चित्र तीन हिवाळ्यांचं मिळून झालेलं आहे. मार्चनंतर मृग संध्याकाळीच पश्चिमेला कलतो. तेव्हा हेच सामान घेऊन एप्रिलमध्ये पहाटे चारला दक्षिणेकडे धनू राशीकडे वळा. तिथला एम ८ तेजोमेघही तेजस्वी आणि लाल आहे, आणि मेच्या अखेरीस ढग येईपर्यंत त्याच्या दोन अमावास्या हाताशी असतात.